धक्का बसला? अफवा नको, आकडा पाहा



कोयनेच्या खोऱ्यातल्या माणसाला जमिनीचा हादरा नवा नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर उद्ध्वस्त झाले, पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली. तेव्हापासून भांडी वाजली की आपण उठून बसतो. हादरा दोन-चार सेकंदांत थांबतो, पण त्यामागून येणारी अफवा रात्रभर थांबत नाही. “रात्री दोनला मोठा येणार हाय म्हणे!” एवढा निरोप मोबाईलवर फिरला, की थंडीत लेकरंबाळं, म्हातारी माणसं अंगणात. दुसऱ्या दिवशी ना तोडीला माणूस, ना पाण्याच्या पाळीला.

या अफवेवर आता औषध आहे, ते सभासदांच्या नजरेस आणावे असे आम्हांस वाटते. केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाचे राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र दिल्लीत आहे. देशात कुठे भूकंप झाला, त्याची नोंद हे केंद्र आपल्या संकेतस्थळावर आणि ‘भूकंप’ नावाच्या मोबाईल ॲपवर देते. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याची यादी साऱ्या जगाची असते. तीत गेल्या तासाचे, दिवसाचे, आठवड्याचे भूकंप पाहता येतात. मात्र अमेरिकेबाहेरचे साडेचारपेक्षा लहान धक्के त्या यादीत बरेचदा येत नाहीत. म्हणून कोयनेचा बारीक धक्का पाहायचा तर आपल्या दिल्लीच्या केंद्राचीच यादी उघडावी.

यादी वाचायची कशी? प्रत्येक ओळीत चार गोष्टी असतात : वेळ, ठिकाण, खोली आणि तीव्रतेचा आकडा.

वेळ आधी नीट पाहावी. जागतिक प्रमाणवेळ दिली असेल, तर तीत साडेपाच तास मिळवावेत. १९६७ चा कोयनेचा भूकंप जागतिक वेळेने १० डिसेंबरच्या रात्री १० वाजून ५१ मिनिटांनी झाला. आपल्या घड्याळात तेव्हा ११ तारखेची पहाट, ४ वाजून २१ मिनिटे होती. तारीखसुद्धा बदलते ती अशी.

आकड्याचे म्हणाल, तर पाचाचा धक्का चाराच्या सव्वापट नसतो. एक आकडा वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे बत्तीस पटींनी वाढते. आणि भूकंपाला आकडा एकच असला, तरी हादरा गावागावांत वेगळा. कारखान्याचा भोंगा एकच, पण गव्हाणीजवळ कान बसतात आणि चार कोसांवर तो बारीक ऐकू येतो, तसेच हे. म्हणून ठिकाण आपल्यापासून किती लांब आणि खोली किती, हे आकड्याबरोबर पाहावे. पहिला आकडा कच्चा असतो. तपासणीनंतर तो थोडा बदलला, तर कोणी लपवाछपवी केली असे समजू नये.

आपल्याकडे मराठवाड्यातून येणाऱ्या ऊसतोड बांधवांनाही याचा उपयोग आहे. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी हिंगोली भागात ४.५ चा आणि अकरा मिनिटांनी ३.६ चा धक्का बसला. म्हातारे आईबाप आणि पोरं गावाकडं, आपण कोपीत. अशा वेळी नेमकं कुठं हललं हे कळलं, तरी निम्मा घोर कमी होतो.

पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. ही यादी झालेला भूकंप सांगते, होणारा सांगत नाही. दिवस आणि वेळ आधी सांगण्याची विद्या आज जगात कुणाकडेच नाही. किल्लारी भागात १९९२ साली ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये लहान धक्के बसत होते. पुढे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मोठा भूकंप झाला आणि हजारो माणसे गेली. आधीचे धक्के मोजूनही ती पहाट कोणाला सांगता आली नसती. माणसे मेली ती बहुतांशी दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचे मातीचे जड माळवद अंगावर कोसळून. तेव्हा मोबाईल अफवा थांबवील, भिंत थांबवणार नाही.

म्हणून आमची सभासदांना दोन कामांची विनंती आहे. गावातल्या शिकलेल्या पोरांनी ही यादी वाचायला शिकावे आणि धक्का बसला की चावडीवर खरा आकडा सांगावा. आणि ज्यांचे घर जुने, दगड-मातीचे आहे, त्यांनी यंदा उसाचे बिल हाती आले की माहितगार इंजिनिअरला भिंती दाखवाव्यात. दगडी भिंतीला आरपार जाणारे दगड आणि दारे-खिडक्यांच्या वरून चारी भिंतींना बांधणारा काँक्रीटचा पट्टा, एवढ्यानेही घर पुष्कळ सावरते. लग्नाकार्याचा खर्च होतच राहतो, पण ज्या छपराखाली लेकरं निजतात त्याची डागडुजी मागे पडू नये.