घराची पूर्वतयारी

नदीचे पाणी चढू लागले की गाव सावध होते. वादळाची वार्ता वेधशाळा आगाऊ कळविते. भूकंपाची घटिका मात्र कोणत्याही शास्त्रज्ञास आधी सांगता येत नाही. म्हणून त्याला तोंड देण्याची तयारी जमीन स्थिर असतानाच करावी लागते.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर जिल्ह्यातील किल्लारीच्या परिसरात मोठा भूकंप झाला. काही क्षणांतच अनेक गावे जमीनदोस्त झाली आणि गाढ झोपेत असलेली हजारो माणसे मृत्यू पावली. त्यांना धरणीने गिळले नव्हते. त्यांच्यावर त्यांचीच घरे कोसळली होती. तेथील पुष्कळ घरांच्या जाडजूड भिंती अनघड दगड चिखलात रचून उभारलेल्या होत्या आणि त्यांवर मातीचे जड माळवद होते. भिंतीचे दगड एकमेकांत नीट गुंफलेले नसल्यामुळे हादरा बसताच ते सुटे झाले.

अशा घराला बळकटी आणता येते. भिंतीत आरपार जाणारे लांब दगड बसवावेत, छपरावरील मातीचे ओझे कमी करावे आणि दारे-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना वेढणारा, लोखंडी सळया घातलेला काँक्रीटचा पट्टा बांधावा. कमरपट्ट्याप्रमाणे तो भिंतींना एकत्र आवळून धरतो.

हे काम वडीलधाऱ्यांनी जाणकारांच्या सल्ल्याने करावयाचे. परंतु घरातील व्यवस्थेला मुलांचाही हातभार लागू शकतो. जड भांडी खालच्या फळीवर ठेवावीत. कपाट भिंतीला पक्के जखडून घ्यावे. अंथरुणाच्या वर जड तसबीर नसावी. उशाशी विजेरी व वहाणा असाव्यात, कारण अंधारात फुटक्या काचा दिसत नाहीत. पाणी, कोरडे खाद्य, औषधे आणि महत्त्वाचे कागद एका पिशवीत तयार असावेत. घराबाहेर सर्वांनी कोठे जमावयाचे आणि आजी-आजोबांना आधार कोणी द्यावयाचा, हेही आधीच ठरवावे.

धरणी हादरू लागल्यास मजबूत मेजाखाली बसून त्याचा पाय घट्ट धरावा. मेज नसल्यास आतील कोपऱ्यात बसून दोन्ही हातांनी डोके झाकावे. हादरे थांबताच मोकळ्या जागी जावे. गॅसचा वास येत असल्यास काडी ओढू नये, विजेचे बटणही दाबू नये. भूकंपानंतर पुन्हा धक्के बसतात, म्हणून तडे गेलेल्या घरात घाईने परतू नये. मदतीसाठी ११२ हा दूरध्वनी क्रमांक सर्वांना पाठ असावा.

तहान लागल्यावर विहीर खणणे व्यर्थ होय. भूकंप टाळणे माणसाच्या हाती नाही. पण आपले घर आपल्याच जिवावर उठू नये, एवढी दक्षता घेणे खचितच त्याच्या हाती आहे.