सव्वाशे वर्षं, साडेचार दिवसांत!

टिटवाळ्याला महागणपतीच्या दर्शनाला उतरलात, की मे महिन्याच्या भर दुपारी फलाटावरून एकदा रुळांकडे बघा. दोन्ही बाजूंनी दाबून भरलेली खडी, रूळ स्लीपरला आवळून धरणाऱ्या क्लिपा, हातोडा घेऊन निघालेला चावीवाला. एवढा बंदोबस्त कशासाठी? उन्हासाठी!

रूळ 30 अंशांनी तापला, की कल्याण ते टिटवाळा या जेमतेम 10 किलोमीटरांत त्याला साडेतीन मीटर जास्तीची जागा हवी. मुंबई-पुणे 192 किलोमीटर धरा: 66 मीटर! लोकलचे तीन डबे उभे राहतील एवढी. पण सलग जोडलेल्या रुळाला जागा देतो कोण? मग तो आतल्या आत रेटतो. मीटरला 60 किलो भरणाऱ्या एका रुळात सुमारे 57 टनांचा रेटा! म्हणजे माल भरलेले दोन दहाचाकी ट्रक. दोन रुळांत चार!

आता हाच रूळ शंभरपट लहान करा. रेटा शंभरपट नव्हे, दहा हजारपट घटतो. 57 टनांचे उरतात पावणेसहा किलो. आणि दर चौरस सेंटिमीटरवरचा ताण? आधी 740 किलो, आताही 740 किलो! पोलाद तेच, तापणं तेवढंच, तर ताण तसूभरही हलत नाही. म्हणून तर टेबलावरचं मॉडेल खऱ्या बांधकामाची साक्ष देऊ शकतं.

खरी कमाल पुढेच आहे. उष्णता आत मुरायला लागणारा वेळही दहा हजारपट आखडतो! मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरण 102 मीटर उंच. त्याच काँक्रीटचं मॉडेल केलं तर जेमतेम मीटरभर. धरणावरचं अख्खं वर्ष, उन्हाळा-पावसाळा-हिवाळा, त्यात 53 मिनिटांत उरकतं. कल्याणची फास्ट लोकल सीएसएमटी गाठायच्या आत!

आणि अमेरिकेतलं 221 मीटर उंच हूव्हर धरण? सगळं काँक्रीट एकदम ओतलं असतं तर घट्ट होताना तापलेलं ते निवायला 125 वर्षं लागली असती, असा इंजिनिअरांचा हिशेब होता. म्हणून त्यांनी आत गार पाण्याचे 937 किलोमीटर पाइप घातले. मुंबई-पुण्याच्या जवळजवळ पाच फेऱ्या! शंभरपट लहान मॉडेलात ती सव्वाशे वर्षं साडेचार दिवसांत सरतात. गुरुवारी सकाळी सुरू करा, सोमवारी रात्री शतक पार!

पूल असो, धरण असो, रूळ असो, आधी त्याचं छोटं मॉडेल तापवून बघायला चार दिवस द्यावेत. शंभर वर्षांचं ऊन आधीच बघून घेण्याची इतकी स्वस्त सोय दुसरी नाही.