उडी कुत्र्याची, प्रवास मालकाचा

४० फूट लांब आणि ८ फूट रुंद मंच, त्याच्या टोकाखाली दोन फुटांवर पाणी, आणि मंचाच्या दुसऱ्या बाजूला मालकाच्या हातातल्या खेळण्यावर नजर खिळवून बसलेला कुत्रा. मालक खेळणे हवेत भिरकावतो, कुत्रा सुसाट धावत येतो, कडेवर पाय रोवून झेपावतो आणि पाण्यात पडतो. मंचाच्या कडेपासून त्याच्या शेपटीचे मूळ जिथे पाण्याला टेकते तिथपर्यंतचे अंतर म्हणजे त्याची उडी. डॉक डायव्हिंग नावाचा हा खेळ अमेरिकेत १९९७ साली प्युरिना कंपनीच्या ‘इन्क्रेडिबल डॉग चॅलेंज’मध्ये पहिल्यांदा दिसला. २००० साली ईएसपीएन वाहिनीने आपल्या ‘ग्रेट आउटडोअर गेम्स’मध्ये त्याला जागा दिली, आणि त्याच वर्षी ‘डॉकडॉग्ज’ ही संस्था उभी राहिली. पुढे ‘नॉर्थ अमेरिका डायव्हिंग डॉग्ज’ ही दुसरी मोठी संस्था आली. तिच्या स्पर्धांत मिळवलेल्या पदव्यांना अमेरिकन केनेल क्लब मान्यता देतो. साउंडर्स नावाच्या व्हिपेट जातीच्या कुत्र्याची २०१९ मधली उडी ३६ फूट २ इंचांची, म्हणजे ११ मीटरांहून थोडी जास्त होती. माणसांच्या लांब उडीचा जागतिक विक्रम ८.९५ मीटर आहे. कुत्रा उंचावरून पाण्यात पडतो, माणूस सपाटीवर वाळूत, त्यामुळे ही तुलना काटेकोर नव्हे. तरी या प्राण्याच्या अंगात काय ताकद आहे याची कल्पना येते.

या खेळाच्या नियमांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो सक्ती नाकारणारा नियम. कुत्र्याला पाण्यात ढकलता येत नाही, उचलून टाकता येत नाही. मालक खेळणे नाचवू शकतो, हाका मारू शकतो, आर्जवे करू शकतो. उडी मारायची की नाही ते कुत्राच ठरवतो. कुत्रा कडेपर्यंत धावत येतो, थबकतो, पाणी न्याहाळतो आणि मागे फिरतो, असे प्रसंग या खेळात नेहमीचे आहेत. अशा वेळी त्याची पाळी निघून जाते, एवढेच. प्राण्याला घेऊन केलेल्या स्पर्धेत त्याच्या नकाराला इतकी स्पष्ट जागा असणे ही मोठी गोष्ट आहे. परंतु अजिंक्यपदाच्या मंचापर्यंत पोहोचण्याआधी हाच कुत्रा शेकडो मैल मोटारीत, कधी विमानात काढतो, आणि तिथे त्याला कोणी काही विचारत नाही. म्हणून माझे म्हणणे असे की, हा खेळ कुत्र्याच्या बाजूचा आहे की नाही याचा निकाल मंचावर लागत नाही, तो वाटेवर लागतो. मंचावरच्या नियमांवर इतकी मेहनत घेणाऱ्या या खेळाने प्रवास पूर्णपणे मालकाच्या मर्जीवर सोडला आहे, आणि ही उणीव भरून निघायला हवी.

प्रवासाचा कुत्र्यावर नेमका काय परिणाम होतो याचा अभ्यास झालेला आहे. कॅनडात बीगल जातीच्या २४ कुत्र्यांना मोटारीने आणि विमानाने नेऊन त्यांच्या हृदयाचे ठोके, रक्तातली तणावाची लक्षणे आणि वागणूक यांची नोंद घेतली गेली. त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. एकूण प्रवास कुत्र्यांना तणावाचा होता हे अपेक्षितच होते. लक्षात ठेवण्यासारख्या गोष्टी दोन. एक, ठोके एकदम वाढले ते चढवताना आणि उतरवताना. उरलेला बराचसा वेळ कुत्रे निपचित पडून होते. दुसरी, निम्म्या कुत्र्यांना आधी गुंगीचे औषध दिले होते, पण त्यांचा तणाव इतरांपेक्षा कमी झाला नाही. म्हणजे बाहेरून शांत दिसणारा कुत्रा आतून शांत असतोच असे नाही. विमानप्रवासासाठी गुंगी देऊ नये असा सल्ला पशुवैद्यांच्या संघटनाही देतात. कारण गुंगीतल्या कुत्र्याला तोल सावरता येत नाही आणि त्याच्या श्वासावर व रक्तदाबावर परिणाम होतो. ‘आमचा तर गाडीत झोपूनच असतो’ हे अनेक मालक समाधानाने सांगतात. ती झोप विश्रांतीची आहे की कुत्र्याने सोसणे पत्करले आहे, हे नुसते बघून कळत नाही. गाडी थांबल्यावर तो पाणी पितो का, अंग झाडून नेहमीसारखा हुंगत फिरतो का, खातो का, यावरून कळते.

दुसरा पुरावा या खेळाच्या अगदी जवळचा आहे. लॅब्रॅडॉर, पॉइंटर यांसारख्या कुत्र्यांत ‘लिंबर टेल’ नावाचा त्रास आढळतो. आदल्या दिवशी उत्तम असलेल्या कुत्र्याची शेपूट अचानक लुळी पडते. कधी मुळापासून लोंबते, कधी चार बोटे सरळ राहून पुढे खाली गळते. मुळाशी हात लावला तर कुत्रा कळवळतो, नीट बसत नाही. १९९९ साली इंग्लिश पॉइंटर कुत्र्यांवर झालेल्या अभ्यासात या त्रासामागे शेपटीच्या स्नायूंची इजा असल्याचे दिसले, आणि त्याला निमित्त होणाऱ्या गोष्टींत पिंजऱ्यात कोंडून केलेला लांबचा प्रवास, थंड किंवा ओली हवा आणि आदल्या दिवशी पडलेले कठोर श्रम यांचा समावेश होता. एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये लॅब्रॅडॉर कुत्र्यांवरचे काम प्रसिद्ध केले; तिथे पोहणे आणि थंड प्रदेश यांचा संबंध दिसला. आता स्पर्धेला निघालेल्या लॅब्रॅडॉरचा विचार करा. तो आठ-दहा तास पिंजऱ्यात अंग मुडपून बसतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गार पाण्यात उड्या मारतो. पोहताना शेपूट त्याच्या सुकाणूचे काम करते. त्रासाची जवळजवळ सगळी निमित्ते एका दिवसाच्या अंतराने एकापाठोपाठ येतात, आणि तीही शरीराच्या ज्या जागेवरून उडी मोजतात नेमकी तिथे. बहुतेक कुत्रे काही दिवसांत, फार तर दोनेक आठवड्यांत बरे होतात, पण त्या काळात त्यांना वेदना असतात. यावरचे उपाय साधे आहेत. पिंजरा असा हवा की कुत्र्याला त्यात ताठ उभे राहता येईल, वळता येईल आणि पाय पसरून झोपता येईल. दर दोन-तीन तासांनी त्याला उतरवून दहा-पंधरा मिनिटे चालवावे. पोहोचल्या दिवशी पाण्यात उतरवू नये. आणि प्रत्येक उडीनंतर अंग कोरडे करावे, विशेषतः शेपटीकडचा भाग.

उन्हाची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती वादाची नाही. २००५ साली अमेरिकेत केलेल्या मोजणीत बाहेर २२ अंश सेल्सियस असताना उन्हात उभ्या बंद मोटारीचे आतले तापमान तासाभरात ४७ अंशांपर्यंत गेले. एकूण वाढीपैकी सुमारे ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली, आणि काच किंचित उघडी ठेवून फारसा फरक पडला नाही. स्पर्धेच्या जागी मालक नावनोंदणीच्या रांगेत असतो आणि कुत्रा गाडीत; धोका तिथे असतो. विमानाबाबत अमेरिकेच्या परिवहन खात्याने २०१० मध्ये जाहीर केलेल्या नोंदी बोलक्या आहेत. आधीच्या पाच वर्षांत विमानप्रवासात दगावलेल्या १२२ कुत्र्यांपैकी जवळजवळ निम्मे बुलडॉग, पग यांसारख्या चपट्या नाकाच्या जातींचे होते. यावर कोणी म्हणेल की उड्या मारणारे कुत्रे बहुधा लॅब्रॅडॉर, मॅलिनोआ आणि व्हिपेट. त्यांची नाके लांब असतात, मग काळजी कसली? हे म्हणणे निम्मे बरोबर आहे. मृत्यू खरोखरच विरळ आहे. पण प्रवासाचे मोल केवळ मृत्यूंच्या आकड्यात मोजायचे नसते. आखडलेले स्नायू, अपुरी झोप, बिघडलेले पोट यांची नोंद कोणतेही खाते ठेवत नाही, आणि धावत येऊन झेप घेणाऱ्या कुत्र्याला तेवढेच पुरेसे घातक ठरू शकते.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे, आणि तो कुत्र्यांवर खरे प्रेम करणाऱ्यांकडून येतो. कुत्र्याला मालकासोबत असणे हवे असते, घरी किंवा अनोळखी निवाऱ्यात मागे राहणे त्याला प्रवासाहून जास्त जाचते, मग न्यायचे नाही असे म्हणणे ही दयाच नव्हे, असे ते म्हणतात. मला हे पटते. म्हणूनच माझा विरोध प्रवासाला नाही. पण या आक्षेपातूनच दोन गोष्टी ओघाने येतात. कुत्र्याला सोबत हवी असेल तर त्याला विमानाच्या पोटात एकटे ठेवणे हा सोबतीचा मार्ग असू शकत नाही. जिथे मोटारीने जाता येते तिथे मोटारीनेच जावे, आणि जिथे जाता येत नाही तिथे ती स्पर्धा सोडून द्यावी. दुसरे असे की पिंजऱ्याची, गाडीची, अनोळखी खोलीची सवय ही प्रवासाच्या आदल्या आठवड्यात लागत नाही. ती महिनोन् महिने, घरातल्या उघड्या पिंजऱ्यात खाऊ देऊन आणि छोट्या फेऱ्या मारून लावावी लागते. अशी सवय लागलेला कुत्रा पिंजऱ्याचे दार उघडताच आपणहून आत शिरतो. मंचावरच्या होकाराच्या जवळ जाणारे काही वाटेवर मिळू शकत असेल, तर ते हेच.

मग मुळात लांब जायचेच कशाला? या खेळाची रचना पाहता हा प्रश्न वाजवी आहे. मंचाची उंची आणि लांबी ठरलेली, मोजायची पद्धत ठरलेली, त्यामुळे एका राज्यातली २२ फुटांची उडी दुसऱ्या राज्यातल्या २२ फुटांच्या उडीशी सरळ ताडून पाहता येते. कुत्र्यांचे गटही अंतरानुसारच पाडलेले असतात. दहा फुटांखाली उडणारे नवशिके, मग पंधरापर्यंतचे, वीसपर्यंतचे, आणि त्यापुढचे. म्हणजे आठ फूट उडणारा घरगुती कुत्राही आपल्या जोडीच्या कुत्र्यांशीच झुंजतो, विक्रमवीरांशी नाही. वर्षभरातल्या जवळपासच्या स्पर्धांवरून क्रमवारी लागते, प्रादेशिक फेऱ्याही असतात. यावर स्पर्धकांचे उत्तर असे की अनोळखी तलाव, वेगळा गलबला, शेजारी भुंकणारे शंभर कुत्रे यांत जो उडतो तोच खरा विजेता. खेळाच्या दृष्टीने हे उत्तर भक्कम आहे आणि डिसेंबरमध्ये ऑर्लँडोत अमेरिकन केनेल क्लबच्या मेळाव्याला लागून भरणाऱ्या अंतिम स्पर्धेचे आकर्षण त्यातूनच येते. मी एवढेच म्हणेन की ही कसोटी वर्षातून एकदा घ्यावी. जो मालक दर पंधरवड्याला पाचशे मैल गाडी हाकतो, तो ही कसोटी घेत नाही, क्रमवारी गोळा करतो. आणि तिची किंमत कुत्र्याच्या सांध्यांतून वसूल होते.

लांबच्या प्रवासात आणखी एक धोका आहे, आणि तो मालकाच्या मनात असतो. जितके दूर यावे तितका कुत्र्याचा नकार पचायला जड जातो. रजा टाकलेली असते, हॉटेल आणि पेट्रोलचे पैसे गेलेले असतात, नावनोंदणीची रक्कम परत मिळणार नसते. मग कडेशी थबकलेल्या कुत्र्याला आणखी जोराने चिथावले जाते, लंगडत्या पायाकडे ‘गाडीत आखडला असेल’ म्हणून काणाडोळा होतो, नव्या तलावाची ओळख व्हावी म्हणून आदल्या दिवशी सरावाच्या उड्यांवर उड्या घेतल्या जातात. उघड्या तोंडाने खेळणे पकडत वारंवार पाण्यात पडणारा कुत्रा पुष्कळ पाणी गिळतो. ते अति झाले तर रक्तातले सोडियम घसरते, कुत्रा ओकतो, झिंगल्यासारखा चालतो, आणि वेळीच पशुवैद्याकडे नेले नाही तर जिवावर बेतते. नियमाने दिलेला नकाराचा हक्क असा प्रवासाच्या ओझ्याखाली कागदावरच राहतो. म्हणून मागे फिरण्याच्या अटी घर सोडण्यापूर्वी, पैसे आणि मैल खर्ची पडण्याआधी लिहून ठेवाव्यात. एक वेळ जेवण टाकले तर सराव नाही. पाऊल अडखळले तर स्पर्धा नाही. दोनदा कडेवरून फिरला तर त्या दिवसापुरते संपले.

अमेरिका-कॅनडात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना कागदपत्रांबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. राज्याराज्यांतल्या प्रवासाला रेबीजच्या लसीचा दाखला आणि पशुवैद्याचे आरोग्य प्रमाणपत्र सोबत असले की बहुधा भागते. पण १ ऑगस्ट २०२४ पासून अमेरिकेत शिरणारा कुत्रा किमान सहा महिन्यांचा आणि मायक्रोचिप बसवलेला असावा लागतो, आणि रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांच्या यादीत भारत आहे. मागच्या सहा महिन्यांत भारतात राहून आलेल्या कुत्र्यासाठी लसीचे खास प्रमाणपत्र लागते. अमेरिकेत लस दिलेली असेल तर ते प्रमाणपत्र निघण्याआधी तिथूनच सरकारी शिक्क्यासह घ्यायचे असते. भारतात लस दिलेली असेल तर ठरावीक विमानतळावरच उतरावे लागते, आणि मान्य प्रयोगशाळेचा रक्ततपासणीचा अहवाल नसेल तर २८ दिवस विलगीकरणात ठेवले जाते. गणपतीला पुण्याला नेलेला लॅब्रॅडॉर हिवाळ्यातल्या स्पर्धेला वेळेवर पोहोचेल की नाही, हे त्या एका कागदावर ठरते.

हे सगळे मालकांच्या सद्बुद्धीवर सोडावे का? प्राण्यांच्या इतर खेळांनी तसे केलेले नाही. घोड्यांच्या लांब पल्ल्याच्या शर्यतींत टप्प्याटप्प्यावर पशुवैद्य घोडा तपासतात, आणि हृदयाचे ठोके ठरलेल्या मर्यादेत उतरले नाहीत तर त्याला पुढे सोडत नाहीत. अलास्कातल्या इडिटारॉड या कुत्र्यांच्या घसरगाडी शर्यतीवर टीका पुष्कळ होते, पण तिथेही एक चोवीस तासांचा आणि दोन आठ-आठ तासांचे थांबे सक्तीचे आहेत, वाटेवर पशुवैद्य असतात. डॉक डायव्हिंगच्या अंतिम स्पर्धांनी याहून कितीतरी सोपे काही करावे: दूरवरून आलेल्या प्रत्येक कुत्र्याची पहिल्या उडीपूर्वी चाल, शेपूट आणि अंगातले पाणी यांची पशुवैद्याकडून तपासणी व्हावी, पोहोचणे आणि पहिली उडी यांत एक रात्र असावी, वाहनतळाला सावली असावी, आणि तपासणीत थांबवलेल्या कुत्र्याच्या मालकाला नावनोंदणीची रक्कम परत मिळावी. यांतली शेवटची तरतूद सर्वांत स्वस्त आहे आणि माझ्या मते सर्वांत उपयोगी, कारण तिने लंगडणारा कुत्रा मागे घेताना मालकाला पैशांचा विचार करावा लागणार नाही.