मागचा लाल दिवा

बचत गटाचा माल बाजारात न्यायला आपल्याकडे बहुधा जुनीच गाडी असते. तिचा हॉर्न वाजला नाही तर लगेच कळतं. पण मागचा ब्रेक लाईट बंद पडला तर चालवणारीला दिसत नाही. आरे-वारेच्या वळणांवर समुद्र पाहायला पुढची गाडी अचानक थांबते. आपण ब्रेक दाबतो, पण मागच्याला कळणार कसं? पावसात तर धोका दुप्पट.

तपासणी सोपी आहे. हँडब्रेक ओढा, चावी चालू करा, इंजिन बंदच ठेवा. एकीने ब्रेक दाबावा, दुसरीने मागे पाहावं. एकटीच असाल तर संध्याकाळी गाडी भिंतीकडे पाठ करून लावा आणि आरशात लाल उजेड पाहा.

एकच दिवा लागत नसेल, तर आधी बल्ब पाहा. पुष्कळ जुन्या गाड्यांत एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात. ५ वॅटची रात्रीच्या दिव्याची, २१ वॅटची ब्रेकची. म्हणून रात्रीचा दिवा लागतो म्हणजे ब्रेकचाही लागेल, असं नाही. बल्ब गार झाल्यावरच काढा आणि तशाच वॅटचा बसवा.

बल्ब चांगला असेल तर होल्डर पाहा. खाऱ्या वाऱ्याने तिथे हिरवट-पांढरी पूड धरते आणि वीज अडते. चावी बंद करून पॉलिश पेपरने हलकेच घासा. इंडिकेटर लावल्यावर ब्रेकचा दिवा मंद होत असेल, तर पत्र्याला जोडलेली अर्थची वायर गंजलेली असण्याचा संभव जास्त.

दोन्ही दिवे लागत नसतील, तर फ्यूज पाहा. काही गाड्यांत हॉर्न आणि ब्रेक लाईटचा फ्यूज एकच असतो. हॉर्नही मुका असेल तर तीच खूण. फ्यूज शाबूत असेल, तर पेडलजवळचा स्विच तपासून घ्या. पाय काढल्यावरही दिवे जळतच राहिले, तर बहुतेक वेळा तोच स्विच अडकलेला असतो. रात्रभरात बॅटरी उतरते ती अशी.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका. जळलेल्या फ्यूजच्या जागी तार, चांदीचा कागद किंवा जास्त अँपिअरचा फ्यूज घालू नका. फ्यूज स्वतः जळून वायरी वाचवतो. त्याला हटवलं, तर वायरी तापून गाडीच पेटू शकते. नवा फ्यूजही लगेच उडाला, तर वायर कुठेतरी सोलली आहे असं समजा आणि गाडी इलेक्ट्रिशियनकडे न्या.

गटाच्या गाडीत दोन जादा बल्ब आणि दोन-तीन योग्य फ्यूज ठेवा. आणि दर आठवड्याला माल भरण्याआधी, एकीने ब्रेक दाबावा, दुसरीने मागे उभं राहावं. दोन मिनिटांचं काम आहे.