धायरी, नऱ्हे, खडकवासला : मराठी वाचताना कुठे अडते?

डिस्लेक्सियाचा बुद्धीशी संबंध नसतो आणि तो डोळ्यांचा दोषही नव्हे. कानावर आलेला शब्द सुट्या ध्वनींत फोडायचा आणि ते ध्वनी अक्षरांशी झटकन जोडायचे, हे काम अशा मुलांना जड जाते. २००७ च्या ‘तारे जमीं पर’ने हा शब्द घरोघरी पोचवला, त्याबरोबर अक्षरे नाचतात ही समजूतही पोचली. खरे तर बहुतेकांना अक्षर नीट दिसते, पण त्याचा उच्चार वेळेवर हाती लागत नाही.

१८९६ मध्ये इंग्लंडमधले डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी वाचता न येणाऱ्या चौदा वर्षांच्या एका हुशार मुलाची हकिकत छापली. पुढचा बराचसा अभ्यास इंग्रजी वाचणाऱ्या मुलांवरच झाला. इंग्रजीत खरा छळ स्पेलिंगचा. मराठीत बहुतेक लिहिल्याप्रमाणेच वाचायचे असल्याने चुका कमी दिसतात, पण वेग रखडतो. शिवाय काना-मात्रा आणि जोडाक्षरे धरली तर ओळखायच्या आकृत्या काही शेकड्यांत जातात.

पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरच्या पाट्याच पाहाव्यात. ‘धायरी’तला ‘ध’ आणि ‘घ’ यांच्यात फरक वरच्या गाठीचा आणि तुटलेल्या शिरोरेषेचा. मूल सहज ‘घायरी’ वाचते. ‘सिंहगड’मध्ये वेलांटी डोळ्यांना आधी भेटते, कानाला मात्र आधी ‘स’ ऐकू येतो. शेजारच्या ‘नऱ्हे’तला अर्धा ‘र’ तर ‘र’सारखा दिसतच नाही. हेच अक्षर ‘रस्ता’, ‘पर्वती’, ‘प्रभात’ आणि ‘महाराष्ट्र’ या शब्दांत आणखी चार रूपे घेते. ‘खडकवासला’त काही गुंतागुंत नाही असे वाटते. पण सहाही अक्षरे सुटी वाचून मूल थबकते, कारण उच्चार ‘खडक्-वास्-ला’ असा आहे. कुठला ‘अ’ गिळायचा हे कागदावर कुठेच लिहिलेले नसते. शब्द आधी कानावरून गेला असेल तरच मूल स्वतःला दुरुस्त करते.

म्हणून शिकवण्याची सुरुवात पाटीवर न होता कानापासून व्हावी लागते. ‘कमळ’मधून ‘क’ काढला तर काय उरेल? ‘मळ’. हे बहुतेकांना जमते. ‘की’मधून ‘क्’ काढला तर? इथे गाडी अडते, आणि काना-वेलांटीचे सगळे गणित तर याच फोडीवर उभे आहे. सबंध बाराखडी घोकून घेण्यात फारसे हशील नाही. मूल ती गाण्यासारखी म्हणते आणि मधलाच ‘कु’ दाखवला की पुन्हा ‘क’पासून सुरू करते. त्यापेक्षा क, म, ल, र आणि काना एवढ्या भांडवलावर काम, माल, लाल, कमाल, कार असे शब्द लगेच वाचता येतात. सारखी दिसणारी अक्षरे एका आठवड्यात आणू नयेत. ‘ध’ पक्का झाल्यावरच ‘घ’ यावा. ‘भ’ आणि ‘म’ यांचेही तसेच. वाळूच्या ताटात बोटाने गिरवताना तोंडाने उच्चार करणे ही अमेरिकेतल्या ऑर्टन-गिलिंगहॅम पद्धतीची रीत मराठीलाही चालते. वेलांटीला वेगळा रंग दिला की तिची जागा लक्षात राहते. ‘र’ची रूपे एकेक करून, प्रत्येकाचे भरपूर शब्द वाचून झाल्यावरच पुढची घ्यावीत. वेग वाढवायला तोच छोटा उतारा तीन-चार वेळा मोठ्याने वाचणे उपयोगी पडते. रोज नवा धडा देण्याची घाई इथे नडते.

भाषाविकार असलेल्या मुलाची अडचण वेगळी. ते कधी कधी धडाधड वाचते, पण अर्थ निसटतो. ‘उंदराने पाहिलेली मांजर पळाली’ हे वाचून ‘कोण पळाले?’ विचारले की उत्तर येते, ‘उंदीर’. डिस्लेक्सियाच्या मुलाला हेच वाक्य वाचून दाखवले तर ते बरोबर सांगते. गफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार वाचन हा अक्षर उलगडणे आणि भाषा समजणे यांचा गुणाकार आहे. एक बाजू शून्य झाली की उत्तरही शून्य. भाषाविकार असलेल्या मुलाला अक्षरांचा सराव कितीही दिला तरी वाया जातो. त्याला गोष्ट सांगणे, चित्रावर बोलणे, वाक्य तोडून-जोडून पाहणे लागते आणि स्पीच थेरपिस्टची मदतही लागते. काही मुलांत दोन्ही अडचणी एकत्र असतात.

२०१७ मध्ये महापालिकेत आलेल्या धायरीसारख्या उपनगरांत घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी ही स्थिती सर्रास आहे. तक्रार इंग्रजी स्पेलिंगची येते आणि मराठी वाचून बघायचे राहूनच जाते. दोन्ही भाषांत तपासणी व्हावी यासाठी मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ ही चाचणी तयार केली. ती मराठीतही आहे.

महाराष्ट्र शासनाने १९९६ पासून डिस्लेक्सियाच्या विद्यार्थ्यांना परीक्षांत सवलती दिल्या. मुंबईतली महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशनही त्याच वर्षीची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला, म्हणजे डिस्लेक्सियालाही, २१ दिव्यांगत्वांच्या यादीत घेतले. प्रमाणपत्र मिळायला मूल आठ वर्षांचे व्हावे लागते. वाळूच्या ताटाला मात्र ही अट नाही. पहिलीतच अडखळ दिसली तर शिकवणे त्याच आठवड्यात सुरू करता येते.