तंजावरचें नृत्य आणि मराठी घर

भोर-वेल्ह्याकडील सुशिक्षित घरांतून मुलीस भरतनाट्यम् शिकविण्याची गोष्ट निघाली, म्हणजे एखादे वडीलधारे गृहस्थ हटकून म्हणतात, "तें द्रविड देशाचें नृत्य; आपला त्याच्याशीं संबंध काय?" प्रश्न रास्त आहे, परंतु त्याचें उत्तर आमच्याच डोंगरांतून निघतें. वेल्ह्याच्या राजगडावर ज्यांची राजधानी होती, त्या शिवछत्रपतींचे सावत्र बंधु व्यंकोजीराजे यांनीं इ. स. १६७५ च्या सुमारास तंजावर घेतलें. त्यांच्यामागून शिपाई, कारकून, शास्त्री, कीर्तनकार अशीं मराठी कुटुंबें कावेरीकांठीं जाऊन राहिलीं, तीं तिकडचींच झालीं. घरांत मराठी, बाजारांत तामीळ आणि गाण्यांत तेलुगु, असा त्यांचा संसार चालला.

परमुलुखांत गेलेला समाज तेथील कलेपासून बहुधा चार हात दूर राहतो. या मंडळींनीं तसें केलें नाहीं. मंदिरांत व दरबारांत चाललेलें सदिर नृत्य त्यांनीं आपलेंसें केलें व त्यास आपली भाषा दिली. शहाजीराजांनीं (१६८४–१७१२) गीतनृत्यांनीं भरलेलीं मराठी नाटकें रचिलीं. दुसरे सरफोजीराजे (१७९८–१८३२) यांचें काम याहून सूक्ष्म. त्यांच्या 'निरूपण' नामक रचनेचीं अंगें अठरा: आरंभीं जयजय व शरणु, मग अलारु, शब्द, वर्ण, पद, तिल्लाना इत्यादि, आणि शेवटीं मंगळ. सर्व अंगांत कथा एक, राग एक, ताल एक. शिकणारीस यांत लपावयास जागा नाहीं. राग पालटून प्रेक्षकांचें मन रमवितां येत नाहीं, अभिनयानेंच कथा पुढें न्यावी लागते. याच राजांच्या 'देवेंद्र कुरवंजी' या मराठी नृत्यनाट्यांत भविष्य सांगणारी डोंगरकन्या इंद्राणीस पृथ्वीचा भूगोल सांगते! नकाशा व काठी घेऊन भूगोल शिकविण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्या आम्हां मास्तरांस या युक्तीचा हेवा वाटावा.

सरफोजींच्या दरबारीं चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलु हे चार बंधु होते. अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा जो क्रम आज चालतो, तो त्यांनीं लाविला. येथें एक गोष्ट स्पष्ट लिहिणें प्राप्त आहे. शब्द आपले, आश्रय आपला. परंतु शिकविणारे तामीळ नट्टुवनार आणि शिकणाऱ्या देवदासी. ज्या स्त्रियांस घरंदाज मंडळींनीं उंबऱ्याबाहेर ठेविलें, त्यांनींच आमचीं मराठी पदें पाठ केलीं. १८५५ त राज्य गेलें, आश्रय आटला. १८८० सालीं तंजावरच्या लक्ष्मीबाई, म्हणजे पहिल्या चिमणाबाई, सयाजीराव गायकवाडांच्या राणी होऊन बडोद्यास आल्या. त्यांच्याबरोबर गौरा व कांतिमती या नर्तकी आपल्या नट्टुवनारांसह आल्या. कावेरीकांठचें नृत्य पुन्हां मराठी राजवाड्यांत आलें, पण या वेळीं परक्या मुलुखांत आलेले ते तामीळ लोक होते. कांतिमतीचे पुत्र कुबेरनाथ यांनीं तंजोरकर हें आडनांव लाविलें आणि बडोद्यास पुढील पिढीस नृत्य शिकविलें. १९४७ सालीं मद्रास इलाख्यांत देवदासी सोडण्याची चाल कायद्यानें बंद झाली, तें योग्यच झालें. कला मात्र घरंदाज मुलींच्या पायांत आली, आणि जिनें ती राखिली तिचें नांव घेण्यास आपण अजून कचरतों.

इकडे निरूपणें सरस्वती महालाच्या संग्रहांत राहिलीं होतीं. शब्द होते, पाऊल नव्हतें. मुंबईचे आचार्य पार्वतीकुमार यांनीं तीं पुन्हां नृत्यांत बसविलीं. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनीं त्या चौघां बंधूंच्या वंशांतील किट्टप्पा पिळ्ळै यांजपाशींही शिक्षण घेतलें, आणि पुण्यांत राहून ही परंपरा शिष्यांस दिली. तंजावरचें पाऊल व मराठी शब्द यांची भेट व्हावयास असे दोन्हीकडचे गुरु लागतात. केवळ पोथी छापून तें होत नाहीं.

तेव्हां ज्यांची मुलगी पुण्यास या विद्येसाठीं जात असेल, त्यांनीं गुरूपाशीं एखाद्या मराठी निरूपणाची मागणी अवश्य करावी. तामीळ वा तेलुगु पदें शिकूं नयेत असा याचा अर्थ नव्हे. तीं अर्थासह शिकावींच. परंतु मराठी पद नाचलें, तर माजघरांतील आजीस अर्थ विचारावा लागणार नाहीं. दोनशें वर्षांपूर्वीची ती दाक्षिणात्य वळणाची मराठी ऐकून तिला थोडें हसूं येईल, तें येऊं द्यावें.