स्तनांची शस्त्रक्रिया: आधी तक्रार ओळखा, मग पर्याय

‘इम्प्लांट बसवायचे आहेत’ असं मनाशी पक्कं करून अनेक जणी प्लास्टिक सर्जनकडे जातात. तपासणीत कळतं, की प्रश्न आकाराचा नसून स्तन ओघळल्याचा आहे. म्हणून सुरुवात तक्रारीपासून करावी.

नेमकं काय खुपतं?

ब्रा न घालता आरशासमोर ताठ उभं राहा. स्तनाखाली जिथे घडी पडते, ती पातळी पाहा. स्तनाग्र त्या पातळीच्या वर असेल आणि भरीवपणा कमी वाटत असेल, तर आकार वाढवण्याचा विचार करता येतो. स्तनाग्र खाली उतरलं असेल, तर नुसत्या इम्प्लांटने सहसा भागत नाही, लिफ्ट म्हणजे स्तन वर उचलण्याची शस्त्रक्रिया लागते. मान-खांदे दुखणं, ब्राच्या पट्ट्यांचे खांद्यावर वळ, घडीत घामाने उठणारी पुरळ असा त्रास असेल, तर स्तन लहान करण्याची शस्त्रक्रिया उपयोगी पडते.

इम्प्लांट

पहिले सिलिकॉन इम्प्लांट 1962 साली अमेरिकेत ह्यूस्टनला बसवले गेले. आज दोन मुख्य प्रकार आहेत. मिठाच्या पाण्याचा इम्प्लांट फुटला तर स्तन बसतो आणि ते लगेच लक्षात येतं. सिलिकॉन जेल हाताला जास्त नैसर्गिक लागतं, पण गळती अनेकदा कळूनच येत नाही. त्यामुळे अमेरिकेचं एफडीए पाच-सहा वर्षांनी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी सुचवतं. इम्प्लांटभोवती शरीर स्वतःचं आवरण तयार करतं. ते आवळलं, तर स्तन कडक होतो, दुखतो. खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी एका दुर्मीळ लिम्फोमाचा (लसीका संस्थेच्या कर्करोगाचा) संबंध आढळल्याने 2019 मध्ये अ‍ॅलर्गन कंपनीने तसे इम्प्लांट जगभरातून परत घेतले. कोणताच इम्प्लांट जन्मभराचा नसतो. पुढे तो बदलायला किंवा काढायला पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते, तिचा खर्चही आजच धरावा.

स्वतःची चरबी

पोट किंवा मांडीची चरबी काढून स्तनात भरतात. परकी वस्तू आत राहत नाही, पण वाढ माफकच होते. काही चरबी शरीर शोषून घेतं, म्हणून ती पुन्हा भरावी लागू शकते. बारीक अंगाच्या बाईकडे अनेकदा पुरेशी चरबीच नसते.

लिफ्ट आणि लहान करणं

दोन्हींत जादा त्वचा काढून स्तनाग्र वर घेतात. लहान करताना स्तनातल्या ऊतीही काढतात. व्रण स्तनाग्राभोवतीच्या काळसर भागाला धरून, तिथून खाली घडीपर्यंत आणि कधी घडीतही राहतात. ते फिकट होतात, पुसले जात नाहीत. स्तनाग्राची संवेदना आणि पुढे बाळाला अंगावर पाजणं यांवर परिणाम होऊ शकतो.

थोडं थांबावं केव्हा?

लवकरच बाळ हवं असेल, वजन वर-खाली होत असेल किंवा दूध नुकतंच तुटलं असेल, तर घाई नको. सिगारेट ओढणाऱ्यांच्या जखमा उशिरा भरतात, म्हणून काही आठवडे आधीच ती बंद करावी लागते.

डॉक्टर आणि पैसे

सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डीएनबी पदवी आणि मेडिकल कौन्सिलची नोंदणी आहे ना, हे पाहावं. केवळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला आरोग्यविमा सहसा मिळत नाही, वर जीएसटी लागतो. कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेचे नियम वेगळे असतात. इम्प्लांटचं नाव, आकार आणि क्रमांक असलेलं कार्ड मागून घ्यावं, आणि पुढे मॅमोग्राफीला गेल्यावर इम्प्लांट असल्याचं आधी सांगावं.